गुरुवारची टर्की

थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला आभार मानायचा सण, कायम गुरुवारीच येतं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, असा अमेरिकन काँग्रेसने १९४१ साली कायदाच करून ठेवलाय. आमच्या कोल्हापूरच्या घरात मटणाचे वार ठरलेले: बुधवार, शुक्रवार, रविवार. गुरुवारी घरात कोंबडीचं नावही निघत नाही. इथे अमेरिकेत आल्यापासून मी आपला दरवर्षी त्या दिवशी ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी जायचो, ताटात टर्कीचा, म्हणजे सणाला भाजतात त्या कोंबडीपेक्षा थोराड पक्ष्याचा, एक तुकडा घ्यायचो आणि रात्री घरी फोन केला की जेवणाचा विषय शिताफीने टाळायचो. २०२५ मध्ये मात्र आई इथेच होती, सहा महिन्यांसाठी. तिने येताना पुढच्या वर्षाची दिनदर्शिकासुद्धा बॅगेत घालून आणली होती, या वर्षाची तर पाठच होती. २७ नोव्हेंबर म्हणजे नुसता गुरुवार नव्हे, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. महालक्ष्मीचा घट बसणार, आईचा दिवसभर उपास, आणि एकदा घट बसला की महिनाभर घरात अंडंसुद्धा फुटायचं नाही.

आता त्याच आठवड्यात समोरच्या घरातल्या बाईंनी मनगट मोडून घेतलं. ओल्या पानांवरून पाय घसरला. या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, मुलगा ऑस्ट्रेलियात. आई त्यांना पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणते, शाळेतल्या बाई या अर्थाने, आणि त्या दोघी एकमेकींची भाषा येत नसताना कुंपणाशी उभ्या राहून अर्धा अर्धा तास बोलतात. बाईंकडे थँक्सगिव्हिंगचं जेवण कैक वर्षं चालत आलेलं. हात प्लास्टरमध्ये गेल्यावर त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, “टर्की चौदा पौंडांची आहे. मला उचलता येणार नाही. स्वयंपाकघर माझं, हात तुझे.”

चौदा पौंड म्हणजे सहा किलोच्या वर. मी हो म्हणालो. घरी येऊन आईला सांगितलं तर तिने जरा विचार केला आणि अटी घातल्या. टर्की आपल्या उंबरठ्याच्या आत येणार नाही. त्या स्वयंपाकघरातून आलास की आधी अंघोळ, मग घर. मी तिथे जेवायला येईन, पण माझं ताट मी घेऊन येईन. “आणि बाईंना विचार, त्यांच्या बागेत पाच प्रकारची पानं मिळतील का.”

घटाला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबरच्या शेवटी झाडं उघडीबोडकी असतात. इंडियन स्टोअरमध्ये आंब्याची पानं मिळतात, पण बाकीच्या चारांचं काय? बाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आईला घेऊन बागेत फिरल्या. होली, रोडोडेंड्रॉन, व्हाइट पाइन, आयव्ही. सदाहरित जे जे होतं ते आईने कात्रीने नेमकं कापलं. होलीची पानं काटेरी, त्यावरून आईच्या मनात थोडी शंका आली. पण लाल फळं बघून तिने ती मान्य केली.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळे प्लिमथला जाऊन आलो. आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आतच आहे. पाचवीतल्या मुलीला शाळेत त्यावर काही लिहायचं होतं आणि आईला ‘तो दगड’ बघायचा होता. मेफ्लॉवर जहाजातून १६२० साली इंग्लंडहून आलेले लोक म्हणे त्या दगडावर उतरले. प्रत्यक्षात समुद्राकाठी खांबांच्या मोठ्या थोरल्या मंडपात, खाली वाळूत, १६२० कोरलेला एक मध्यम आकाराचा धोंडा पडलेला आहे. आईने कठड्यावरून वाकून बघितलं. “एवढासाच? याला शेंदूर फासला असता तर शोभा तरी आली असती.” त्या लोकांनी स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतींत या दगडाचा उल्लेखच नाही, हे मी तिला सांगितल्यावर तर तिचा त्यातला रसच संपला.

मात्र रस्त्यापलीकडे कोल्स हिल नावाची टेकडी आहे, तिथे ती बराच वेळ थांबली. तिथे ऊसामेक्विनचा उंच पुतळा आहे. वाम्पानोआग लोकांचा हा प्रमुख. इंग्रजांनी त्याला मॅसासॉइट या त्याच्या पदाच्या नावाने ओळखलं. पुतळ्याजवळच्या एका शिळेवर लिहिलंय की १९७० पासून मूळ अमेरिकन लोक थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दुपारी बारा वाजता इथे जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. त्यामागची गोष्ट अशी: १९७० साली मेफ्लॉवरला ३५० वर्षं झाली म्हणून राज्य सरकारतर्फे मोठा समारंभ ठरला. वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग संगीतशिक्षकाला भाषणाला बोलावलं. भाषण आधी वाचायला मागितलं. त्यात थडगी उकरून धान्य नेल्याचं, जमिनी गेल्याचं सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते बदलून द्या म्हणाले. त्यांनी दिलं नाही आणि समारंभाला न जाता ते या टेकडीवर आले. तेव्हापासून दरवर्षी लोक येतात, आणि येणाऱ्यांपैकी बरेच जण आदल्या संध्याकाळपासून उपास धरतात.

“गुरुवारचा उपास?” आईने विचारलं.

“गुरुवारचाच.”

तिने पुतळ्याकडे बघून हात जोडले. तिथे एक कुटुंब फोटो काढत होतं, ते थांबलं.

आता टर्कीकडे येतो, कारण खरं काम तेच. गोठवलेली टर्की ओट्यावर ठेवून वितळवत नाहीत. बाहेरचं मांस कोमट होतं, आत बर्फच राहतो आणि मधल्या वेळात जंतूंची चैन होते. फ्रिजमध्ये ठेवायची, चार-पाच पौंडांना एक दिवस या हिशेबाने. म्हणून ती शुक्रवारीच बाईंच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसली होती. मंगळवारी रात्री मी पिशवी फाडली. पाय एका प्लॅस्टिकच्या कड्यात अडकवलेले, अंग थंडगार, निसरडं. “आत हात घाल,” बाई स्टुलावरून म्हणाल्या. पोटाच्या पोकळीतून आधी मान निघाली, वीतभर लांब. मग मानेकडच्या बाजूने कागदाची एक पुडी: काळीज, पेटा, कलेजी. ही पुडी आतच विसरून टर्की भाजणारे लोक दरवर्षी निघतात म्हणे. मी कोल्हापूरचा, पेटा कुठे आहे हे विसरणं माझ्याकडून होणार नव्हतं.

मग मी सवयीने टर्की उचलून सिंककडे निघालो, तर बाई जवळपास ओरडल्याच. धुवायची नाही! कच्चं मांस नळाखाली धरलं की शिंतोडे उडतात आणि सगळ्या ओट्यावर जंतू पसरतात. इथलं शेतीखातंसुद्धा धुऊ नका असंच सांगतं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, मला ठाऊक आहे. पण हळद-मीठ चोळून दोन पाण्यांनी धुतल्याशिवाय मांस शिजवायचं म्हणजे आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. मी कागदाने टिपून टिपून ती कोरडी केली आणि गप्प बसलो. आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही.

मीठ मात्र सढळ. छातीवरची कातडी बोटांनी अलगद सुटी करायची, फाटू द्यायची नाही, आणि मांसावर थेट मीठ चोळायचं. मग तशीच उघडी फ्रिजमध्ये. मिठाने आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी मांसात परत जिरतं, आणि वरची कातडी वाळून कागदासारखी होते, म्हणजे ओव्हनमध्ये कुरकुरीत भाजली जाते. हे सगळं बाईंनी फळ्यावर लिहिल्यासारखं एकेक वाक्य सांगत मला समजावलं. टर्की हा पक्षी मुळात मेक्सिकोतल्या लोकांनी माणसाळवला. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, तिथून इंग्लंडला पोचला आणि इंग्रज वसाहतवाले पाळीव टर्क्या जहाजात घालून परत अमेरिकेत आले. “म्हणजे तुमच्या आईसारखी,” बाई म्हणाल्या, “व्हिसा काढून.”

बुधवारी सगळी किरकोळ खरेदी उरकली. हे महत्त्वाचं, कारण मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या कायद्यांमुळे थँक्सगिव्हिंगला सुपरमार्केटं बंद असतात. कोथिंबीर राहिली तर राहिली. आईने क्रॅनबेरीचं लोणचं आधीच घालून ठेवलं होतं. क्रॅनबेरी हे इथलंच फळ, आमच्या दक्षिणेला कार्व्हरकडे त्याच्या दलदलीच्या शेतांचे पट्टेच्या पट्टे आहेत. काढणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात आणि लाल फळं वर तरंगतात. आंबट-तुरट चव, करवंदाच्या जवळची. इथले लोक त्यात फळाच्या निम्मी साखर घालून शिजवतात. आईने मोहरीची डाळ, हिंग, हळद, तिखट घालून वर फोडणी ओतली. माझ्या मते क्रॅनबेरीला न्याय मिळाला तो असा.

गुरुवारी पहाटे आईने घट मांडला. चौरंग, तांदूळ, कलश, पाच डहाळ्या, नारळ, त्याला मुखवटा, साडी. काटेरी होली नीट मागे लपवली होती. मी नमस्कार करून समोर गेलो ते दुपारपर्यंत परत आलो नाही.

ओव्हन ३२५ फॅरनहाइटला. कातडीखाली लोणी आणि सेज, थाइमची पानं. पोटात कांदा, लिंबू. पाय सुतळीने बांधले. पावणेदहाला आत. मान, पेटा आणि काळीज वेगळ्या पातेल्यात कांदा-गाजराबरोबर मंद आचेवर, ग्रेव्हीच्या पाण्यासाठी. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर न्यूयॉर्कची, मेसीज या मोठ्या दुकानाची परेड चालू होती, १९२४ पासूनची. मुलं आणि बायको तिकडे, अवाढव्य फुगे बघत. मी आपला दर अर्ध्या तासाने ओव्हनच्या काचेतून डोकावत होतो. बाईंचा एकच नियम: दार उघडायचं नाही. रस चमच्याने वर घालत बसायची जुनी पद्धत त्यांना मान्य नाही, दार उघडलं की उष्णता जाते आणि वेळ वाढतो.

विकत घेतलेल्या टर्कीच्या छातीत बरेचदा प्लॅस्टिकची एक खिट्टी टोचलेली असते. ठराविक तापमानाला ती टुपकन वर येते, म्हणजे झाली. बाईंनी ती मला आधीच उपटायला लावली होती. ती वर येईपर्यंत छातीचं मांस भुसा झालेलं असतं, असं त्यांचं मत. खरा भरवसा थर्मामीटरवर: मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, १६५ फॅरनहाइट. सव्वा वाजता काटा तिथे पोचला. कातडी तांबूस तपकिरी, टाचणीने टोचलं तर तडकेल अशी. मी फोटो काढला आणि कोल्हापुरातल्या मित्रांना पाठवला. एकाचं लगेच उत्तर: “गुरुवार आहे रं.”

बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवायची, तेवढ्यात ग्रेव्ही. खालच्या ताटलीतलं तूप, त्यात मैदा भाजायचा, मग पेट्याचं पाणी. गुठळी होऊ न देता. हे मला जमतं, पिठलं येणाऱ्या माणसाला ग्रेव्ही अवघड नाही. बाकीचे पदार्थ पाहुण्यांनी आणायचे होते. बाईंचा भाचा आणि त्याची बायको न्यू हॅम्पशायरहून पाय (pie, पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजतात तो) घेऊन आले. शाळेतल्या त्यांच्या एक जुन्या सहकारी श्रावणघेवड्याचा कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली भाजी, घेऊन आल्या. हा पदार्थ परंपरेचा म्हणून मिरवतो, पण तो १९५५ साली डॉर्कस राइली नावाच्या बाईने कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात तयार केला, मश्रूम सुपाचे डबे खपावेत म्हणून. वर तळलेला कांदा. चांगला लागतो, खोटं कशाला बोलू.

दोन वाजता सगळे टेबलाशी. आई रस्ता ओलांडून आली ती नऊवारी नेसून, हातात झाकलेलं ताट: साबुदाण्याची खिचडी, उपासाची बटाट्याची भाजी, दही. बाईंच्या सहकारी बाई बागकामवाल्या. त्यांनी खिचडीत काय काय आहे ते विचारलं. मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता माझ्याच ध्यानात आलं. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर यातलं बरंच काही आपल्याकडे आलं आणि आपण ते थेट उपासाच्या पवित्र यादीत नेऊन बसवलं. कांदा-लसूण, जे किती जुने आपले, ते बाहेर. दही, तूप आणि जिरं सोडलं तर त्या टेबलावरचं सगळ्यात अमेरिकन ताट आईचं होतं. गव्हाचा पाय, लोणी, दूध, सफरचंद हे तर सगळं युरोपातून आलेलं.

मी हे आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “कूट कोल्हापुरातनं आणलंय.”

बाईंच्या घरची एक रीत आहे. प्रत्येकाच्या ताटाखाली एक चिठ्ठी असते, तिच्यावर थँक्सगिव्हिंगबद्दल एक प्रश्न. उत्तर दिल्याशिवाय पाय मिळत नाही. मदत घेतली तर चालते, फोन काढला तर चालत नाही.

बायकोला आलं: एकाच वर्षी देशात दोन थँक्सगिव्हिंग का झाली? तिला येत नव्हतं, भाच्याला येत होतं. १९३९ सालच्या नोव्हेंबरात पाच गुरुवार होते. शेवटचा गुरुवार तीस तारखेला पडत होता, म्हणजे नाताळच्या खरेदीला दिवस कमी. मंदीचा काळ, दुकानदारांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, उरलेल्यांतल्या बहुतेकांनी जुनाच दिवस धरला. टेक्सासने तर दोन्ही दिवस सुट्टी दिली. हा गोंधळ मिटवायला १९४१ चा कायदा आला. मुलीने आजीला सांगितलं, तर आजी म्हणाली, “म्हणजे स्मार्त आणि भागवत.” हे मला इंग्रजीत समजावून सांगायला जी कसरत करावी लागली ती वेगळीच, पण पंचांगात दोन एकादश्या असू शकतात हे ऐकून भाचा फार खूश झाला.

मला आलेली चिठ्ठी सोपी वाटली: ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ कोणी लिहिलं आणि त्याचा आजच्या दिवसाशी काय संबंध? पहिला भाग बाईंनीच मला मागे कधीतरी सांगितलेला. सेरा जोसेफा हेल. एका मोठ्या खपाच्या महिला मासिकाची संपादक. त्या काळी थँक्सगिव्हिंग हा मुख्यतः न्यू इंग्लंडचा सण, राज्याराज्यांत वेगवेगळ्या दिवशी. हेलबाईंनी वर्षानुवर्षं मासिकातून लिहिलं, गव्हर्नरांना पत्रं पाठवली, एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पाठवली. शेवटी १८६३ च्या सप्टेंबरात लिंकनना पत्र गेलं आणि ३ ऑक्टोबरला, ऐन यादवी युद्धात, लिंकननी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. मी टेबलावर सांगून टाकलं की आमच्याकडेही एका संपादकाने घरातला सण चौकात आणला, बरोबर तीस वर्षांनी, १८९३ साली. टिळकांचं नाव बाईंनी एका कागदावर लिहून घेतलं. मला हे बघून बरं वाटतं की सण असे मुद्दाम घडवलेले असतात. ‘अनादि काळापासून’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास कमी.

मुलीच्या चिठ्ठीवर टिस्क्वांटमबद्दल विचारलं होतं. तिला ते शाळेमुळे पाठ होतं आणि तिने ते फारच गंभीरपणे सांगितलं. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पकडून स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो सुटला, लंडनला पोचला, इंग्रजी शिकला, कसाबसा घरी परतला तर त्याचं पटक्सेट गाव साथीच्या रोगाने अख्खं मेलेलं. मेफ्लॉवरचे लोक वसले ते त्याच मोकळ्या गावाच्या जागेवर. त्यांना मका पेरायला शिकवला तो यानेच. १०२ जण जहाजातून आले होते, पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मे गेले होते. बाई म्हणाल्या, त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला वर्गात मुलांना कागदाच्या पिसांच्या टोप्या करायला लावायचे आणि ही गोष्ट तीन ओळींत संपायची. आता असं होत नाही, ते बरं झालं.

आणि आईची चिठ्ठी. १६२१ च्या त्या मेजवानीला, जिला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात, ऊसामेक्विनबरोबर आलेल्या लोकांनी काय आणलं? मुलीने कानात सांगितलं आणि आई म्हणाली, “हरणं. पाच.” हे एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे: नव्वदेक पाहुणे आले, तीन दिवस राहिले, आणि त्यांनी पाच हरणं मारून आणून दिली. इंग्रज जेमतेम पन्नास उरले होते.

आईने थोडा हिशेब केला. “पाहुणे जास्त, घरचे कमी. शिकार पाहुण्यांनी आणली. मका पाहुण्यांनी शिकवला. जागा पण पाहुण्यांची. मग यजमान कोण झाला?”

मुलीने इंग्रजी केलं. कोणी काही बोललं नाही, मग बाईंनी उठून आईच्या ताटाशेजारी पायचा पहिला तुकडा ठेवला. उपास असल्याने तो आईने डब्यात घालून घेतला.

पायच्या आधी अजून एक गोष्ट असते, ती मला आजवर कधी मनापासून आवडलेली नाही. एकेकाने सांगायचं, मी कशाबद्दल आभारी आहे. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानायला गेलं की समोरचा चिंतेत पडतो. मी आईला एकदा फोनवर थँक्यू म्हणालो होतो तर तिने वडिलांना विचारलं होतं, याची नोकरी गेली का. पण रीत ती रीत. भाचा गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलला. बायको माझ्याबद्दल काहीतरी बरं बोलली आणि लगेच पाण्याचा जग उचलायला उठली. बाई दोन उधार घेतलेल्या हातांबद्दल बोलल्या.

आईने आभार मानलेच नाहीत. ती म्हणाली, मी कहाणी सांगते, गुरुवार आहे, आज सांगायचीच असते. आणि तिने सुरतचंद्रिका राणीची कहाणी सांगितली, मुलगी वाक्यावाक्याला थांबवून इंग्रजी करत होती. लक्ष्मी म्हातारीच्या रूपात दारात येते, राणी संपत्तीच्या माजात तिला हाकलते, मग राज्य जातं, अन्नाला महाग होतात. राणीची मुलगी शामबाला व्रत करते, तिचं बरं होतं. पुढे ती माहेरी जाते, राणी तिला धड विचारत नाही, तर ही निघताना फक्त थोडं मीठ घेऊन येते. नवरा विचारतो, माहेराहून काय आणलंस? राज्याचं सार आणलं. त्या दिवशी ती सगळा स्वयंपाक अळणी करते. नवऱ्याला घास गिळवत नाही. मग ती पानात मीठ वाढते. “म्हणून उतू नये, मातू नये,” आईने संपवलं.

भाच्याला डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं आहे. त्याने आपल्यापुढची मिठाची बाटली निमूट आईकडे सरकवली आणि सगळं टेबल हसलं.

नोव्हेंबरच्या शेवटी इथे सूर्य सव्वाचारलाच मावळतो. ही एक गोष्ट आईला अमेरिकेत फार आवडली: तिन्हीसांजेला पूजा आणि मग उपास सोडायचा, म्हणजे कोल्हापुरापेक्षा पावणेदोन तास लवकर. मी घरी पळून अंघोळ केली. मागोमाग बाई आणि सगळे पाहुणे बूट काढून आमच्या हॉलमध्ये. आरतीला भाच्याने टाळ वाजवले, ताल सोडून पण जोरात. नैवेद्याला आईने घारगे केले होते, लाल भोपळ्याचे. भोपळा पायसाठी मिळतो तोच, डब्यातला शिजवलेला; गूळ आणि कणीक घालून तळले. बाईंच्या सहकाऱ्यांनी तीन खाल्ले आणि पाय तसाच राहिला. रोडोडेंड्रॉन आपल्या बागेतलं आहे हे बाई सगळ्यांना दाखवत होत्या.

उरलेल्या टर्कीचा प्रश्न शनिवारी सुटला. मांस त्याच दुपारी, दोन तासांच्या आत, सोडवून फ्रिजमध्ये घातलं होतं, सांगाडा वेगळा. आमच्या घरात तो येणं शक्यच नव्हतं. म्हणून मी काजू, तीळ, खसखस, पांढरी मिरी आणि नारळाच्या दुधाचे डबे घेऊन बाईंकडे गेलो. सांगाडा मोठ्या पातेल्यात आलं-लसूण घालून तीन तास उकळला. फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला होता. रस्त्यापलीकडून आई सूचना देत होती. “वाटण पातळ कर. आच कमी. नारळाचं दूध शेवटी. आणि घातल्यावर उकळी येऊ देऊ नको, फाटतंय.” गुरुवारी ज्या मांसाला मी मनातून जरा फिकं म्हटलं होतं, ते पांढऱ्या रश्श्यात पडल्यावर माणसात आलं. कांदा-लसूण मसाल्याची चिमूट वर टाकली तर इथल्या हवेत त्याला तोडच नाही.

बाईंनी दोन वाट्या प्यायल्या, नाक पुसलं आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात एक नवी चिठ्ठी लिहिली. पुढच्या वर्षी भाच्याच्या ताटाखाली ठेवायची म्हणाल्या: ‘टर्कीच्या पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध कधी घालावं, आणि त्यानंतर काय करू नये?’